म्हातारा फेरेट, साखर ५८ आणि अ‍ॅनिमिया?

सईची_आई (न्यू जर्सी)
आमचा फेरेट (मुंगसासारखा छोटा पाळीव प्राणी) गुंड्या सहा वर्षांचा. हल्ली उठवलं तरी लवकर उठत नाही, मध्येच एकटक बघत राहतो, मागचे पाय लटपटतात. रक्त तपासलं: साखर ५८, हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) ३५, मूत्रपिंडांच्या तपासण्यांपैकी बीयूएन ४८, क्रिएटिनिन ०.७. फार वळवळतो म्हणून आयसोफ्लुरेन हा भुलीचा वायू देऊन रक्त काढलं. डॉक्टर म्हणतात इन्सुलिनोमा (जास्तीचं इन्सुलिन सोडणारी स्वादुपिंडातली गाठ) असावा, शिवाय अ‍ॅनिमिया. दोन्ही एकदम? सई जेवत नाहीये. डॉक्टरांना काय विचारू?

टेक_शिकागो
ताई, एक्झॉटिक प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते म्हणून सांगते. आयसोफ्लुरेन दिल्यावर फेरेटचं हिमॅटोक्रिट काही मिनिटांतच घसरतं, तांबड्या पेशी प्लीहेत जाऊन बसतात. अ‍ॅनिमियाचा उपचार सुरू करण्याआधी जागेपणी रक्त काढायला सांगा. मानेची कातडी धरून, जिभेवर साल्मन तेल लावलं की बरेच फेरेट गप्प राहतात. गोड पेस्ट मात्र नको, साखर चुकेल.

साखरेचं मला जास्त वाटतं. लक्षणं जुळताहेत. तरी रक्ताची नळी यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या करायला उशीर झाला होता का, विचारा. पेशी नळीतच साखर खातात. माणसांचं ग्लुकोमीटरही फेरेटला कमी आकडा दाखवतं. उपाशी ठेवायचं तर तीन-चार तास, तेही दवाखान्यात. रात्रभर अजिबात नाही!

आणि क्रिएटिनिन नॉर्मल आहे म्हणून मूत्रपिंडं सोडू नका. फेरेटमध्ये ते फारसं चढतच नाही. लघवी तपासून घ्या.

लीड्सकर
आमची म्हातारी फेरेट प्रेडनिसोलोनवर (हे स्टेरॉइड आहे) छान जगली. दर तीन-चार तासांनी मांसाचं खाणं, मनुके-बिस्किटं बंद. गोड दिलं की इन्सुलिन उसळतं आणि साखर आणखी पडते. कोसळला तरच हिरड्यांना मध चोळा, तोही कापसाच्या काडीने, झटका आला असताना बोट चावतात. शुद्धीवर आला की मांस भरवा आणि लगेच डॉक्टर गाठा.

सईची_आई
जागेपणी परत केलं. हिमॅटोक्रिट ४९! साखर ६१, म्हणजे तो संशय पक्का. प्रेडनिसोलोन आजपासून, सोनोग्राफी पुढच्या आठवड्यात. पण औषध कडू आहे, थुंकून टाकतो. काय करू?

टेक_शिकागो
साल्मन तेलात मिसळून द्या. सिरप असेल तर अल्कोहोल नसलेलंच, लेबल वाचून घ्या. आणि ताई, डोस स्वतःहून एकदम बंद करू नका.