विषय: बालविभागासाठी भूशास्त्राची कृतिपुस्तके – निवड कशी करावी?

ग्रंथालय समितीकडून

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

मंडळाच्या ग्रंथालयातील बालविभागात प्राणी, अवकाश आणि गणिती कोडी या विषयांची पुस्तके भरपूर आहेत. पृथ्वीविषयी मात्र दोन-चार सचित्र पुस्तकांपलीकडे काही नाही. ही उणीव भरून काढावी, आणि ती केवळ वाचायच्या नव्हे तर हाताने करून पाहायच्या पुस्तकांनी भरून काढावी, असे समितीचे मत आहे. वयोगट साधारण ८ ते १३ वर्षांचा धरला आहे. प्रकाशकांच्या याद्या चाळल्यावर लक्षात आले की बहुतेक मुखपृष्ठांवर फेसाळणारा ज्वालामुखी तरी आहे किंवा डायनोसॉरचा सांगाडा तरी, आणि आतल्या कृतींमध्ये डावे-उजवे कसे करावे हे आम्हांला ठरवता येत नाही. या विषयाचे जाणकार सभासद आपल्यात आहेत. पुस्तकांची नावे सुचवण्याआधी, पुस्तक हातात घेतल्यावर त्यात नेमके काय तपासावे, हे त्यांनी कृपया लिहावे.

– ग्रंथालय समितीच्या वतीने

उत्तर: एका निवृत्त भूशास्त्र-प्राध्यापक सभासदाकडून

सप्रेम नमस्कार.

समितीने निकष विचारले हे चांगले झाले, कारण नावांच्या याद्या लवकर जुन्या होतात. माझा निकष एकच आहे आणि तो थोडा कडक वाटेल: कृती पूर्ण झाल्यावर मुलाला असे काही ओळखता, मोजता किंवा ठरवता आले पाहिजे, जे कृतीच्या आधी त्याला माहीत नव्हते आणि जे पुस्तकानेही त्याच पानावर सांगून टाकलेले नाही. ‘असे करा, मग असे होईल’ हे एकाच परिच्छेदात छापले असेल तर मूल फक्त छापलेले खरे ठरवण्यासाठी राबते.

खनिजांच्या प्रकरणापासून सुरुवात करावी, कारण तिथे पुस्तकाची पारख सर्वांत लवकर होते. कच्चे पुस्तक खनिजे रंगावरून ओळखायला शिकवते. रंग हा सर्वांत फसवा गुण आहे. गारगोटी पांढरी, गुलाबी, जांभळी, धुरकट अशी कशीही असू शकते, आणि पारदर्शक गारगोटी व पारदर्शक कॅल्साइट शेजारी ठेवले तर नुसत्या नजरेने नवखा माणूस हमखास गोंधळतो. चांगले पुस्तक मुलाच्या हाती नख, तांब्याचे नाणे आणि काचेचा तुकडा देते. फ्रीडरिश मोस यांनी १८१२ मध्ये मांडलेल्या काठिन्यश्रेणीत नखाचे काठिन्य साधारण २.५, तांब्याचे ३ ते ३.५ आणि काचेचे ५.५ च्या आसपास येते. जिप्समवर नखाने ओरखडा उठतो, कॅल्साइटवर नखाने उठत नाही पण नाण्याने उठतो, आणि गारगोटी उलट काचेलाच ओरखडते. एवढ्या तीन वस्तूंनी दहा वर्षांचे मूल स्वतःच्या बळावर त्या दोन पारदर्शक तुकड्यांचा निकाल लावू शकते. त्यानंतर चकाकी न दिलेल्या फरशीच्या तुकड्यावर खनिज घासून कस, म्हणजे उमटलेल्या रेघेचा रंग, पाहण्याची कृती असावी. हेमॅटाइट दिसायला काळे, चमकदार असो की तांबूस, त्याचा कस तांबूस-तपकिरीच उमटतो, आणि सोन्यासारखे दिसणारे पायराइट हिरवट काळी रेघ ओढते, हे पाहताना मुलांचे चेहरे पाहण्यासारखे असतात. गारगोटीहून कठीण खनिजे अशा फरशीवर कस देत नाहीत, उलट फरशीच खरवडतात. ही मर्यादा पुस्तकाने सांगितली असेल तर लेखकाने प्रयोग स्वतः करून पाहिला आहे असे समजावे.

याच प्रकरणात आणखी एक गोष्ट पाहावी. मोस यांची श्रेणी फक्त क्रम लावते; तिच्यातील अंतरे समान नाहीत. नवव्या स्थानावरील कोरंडम आणि दहाव्या स्थानावरील हिरा यांच्या प्रत्यक्ष काठिन्यात कित्येक पटींचा फरक आहे. ज्या पुस्तकात दहा खनिजे समान उंचीच्या पायऱ्यांवर मांडली आहेत आणि खाली एका ओळीचाही खुलासा नाही, तिथे माझ्या मनात शंका उभी राहते.

दुसरी पारख पृथ्वीच्या अंतरंगाच्या चित्राची. अर्धे कापलेले फळ दाखवावे तसे ते चित्र जवळपास प्रत्येक पुस्तकात असते. त्यात कवच बोटभर जाड असते आणि त्याखाली लालभडक, उकळता रस भरलेला असतो. या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. प्रावरण, म्हणजे कवचाखालचा जाड थर, हे घन खडकाचे आहे. ते लाखो वर्षांच्या मापात अतिशय संथपणे वाहते, पण भूकंपाच्या दुय्यम लहरी त्यातून पार जातात आणि त्या लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत. द्रव आहे तो बाह्य गाभा, सुमारे २,९०० किलोमीटर खोलीखालचा. यावर उतारा म्हणून चांगली पुस्तके मुलांना जमिनीवर खडूने पृथ्वी काढायला लावतात. एक सेंटिमीटर म्हणजे १०० किलोमीटर असे प्रमाण घेतले की पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६४ सेंटिमीटर येते. मग मुलाने स्वतः हिशेब करायचा: महासागराखालचे कवच सुमारे ७ किलोमीटर, म्हणजे ०.७ मिलिमीटर. एव्हरेस्ट एका मिलिमीटरहून कमी. माणसाने खणलेले सर्वांत खोल छिद्र, रशियातील कोला द्वीपकल्पावरचे, १२ किलोमीटरांहून थोडे अधिक, म्हणजे १.२ मिलिमीटर. कवच काढायला गेलेल्या मुलाच्या लक्षात येते की खडूची रेघच कवचापेक्षा जाड होत आहे. अशा हिशेबाची जागा पुस्तकात कोरी सोडलेली असावी, उत्तर शेवटच्या पानांवर असावे.

‘जीवाश्म खणून काढा’ हा प्लास्टरचा ठोकळा ज्या पुस्तकांसोबत येतो, त्यांविषयी मी नाराज आहे. छिन्नीने ठोकळा फोडून मिळालेले हाड हे बक्षीस असते, पुरावा नव्हे. निकोलस स्टेनो यांनी १६६९ मध्ये मांडलेले तत्त्व असे की, उलथापालथ झालेली नसेल तर खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा; जीवाश्माला अर्थ येतो तो कोणत्या थरात सापडला यावरून. त्यामुळे वेगवेगळ्या रंगांच्या वाळूचे थर एका खोक्यात घालून, त्यांत शिंपले पुरून, दुसऱ्या मुलाने ते खोलीची नोंद करत काढायचे, अशी साधी कृती देणारे पुस्तक त्या ठोकळ्याहून कितीतरी सरस आहे.

आपला,
भूशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक

उत्तर: मुलांचा विज्ञानवर्ग चालवणाऱ्या एका सभासदाकडून

आदरणीय सर, सप्रेम नमस्कार.

आपले पत्र वाचून वर्गातील खनिजांचा डबा पुन्हा काढला. तरीही मुलांच्या बाजूने थोडा वाद घालण्याची परवानगी मागते. आठ वर्षांच्या मुलाला पहिल्याच दिवशी नोंदवही आणि प्रमाण यांत गुंतवले तर ते पुस्तक पुन्हा उघडणार नाही. सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी आपल्याला कितीही बाळबोध वाटला तरी मुले खोलीत धावत येतात ती त्याच्यासाठी, आणि एकदा आली की पुढचे शिकवता येते. ज्या पुस्तकात तो प्रयोग आहे ते सरसकट नाकारावे असे आपले म्हणणे आहे का? शिवाय अकरा-बारा वर्षांच्या मुलांना खनिजांच्या पुढे काय द्यावे, यावरही आपण लिहावे अशी विनंती आहे. खंड कापून जुळवण्याचे कोडे तर सगळीच पुस्तके देतात. त्यात चांगले-वाईट कसे ओळखावे?

आपली,
विज्ञानवर्गाची एक स्वयंसेविका

उत्तर: निवृत्त भूशास्त्र-प्राध्यापक सभासदाकडून

सप्रेम नमस्कार.

ताईंचा मुद्दा रास्त आहे. फेसाचा ज्वालामुखी असला म्हणून पुस्तक बाद करू नये. पुढचे पान काय सांगते ते पाहावे. सोडा आणि व्हिनेगर यांचा फेस हा आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेचा आहे, आणि खऱ्या ज्वालामुखीत ती अभिक्रिया होत नाही. शिलारसात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड हे वायू दाबाखाली विरघळलेले असतात; शिलारस वर येताना दाब घटतो, वायूंचे बुडबुडे होतात आणि तेच शिलारसाला बाहेर फेकतात. सोडावॉटरची बाटली न हलवता सावकाश उघडणे आणि हलवून उघडणे, हे यापेक्षा कितीतरी जवळचे प्रतिरूप आहे. त्यात आणखी एक पायरी जोडता येते: पातळ पाकात आणि घट्ट पाकात नळीने फुंकर मारून बुडबुडे कुठे सहज सुटतात ते पाहायचे. पातळ शिलारसातून वायू निसटतो म्हणून हवाई बेटांवरील ज्वालामुखींचा लाव्हा बहुधा शांतपणे वाहतो, आणि घट्ट शिलारसात तो कोंडतो म्हणून काही ज्वालामुखी स्फोटाने फुटतात. आठ वर्षांच्या मुलाला फेसही मिळतो आणि विचारायला प्रश्नही मिळतो. जे पुस्तक फेसावर थांबते आणि ‘ज्वालामुखी असाच होतो’ म्हणते, ते मात्र ठेवू नये.

खंडांच्या कोड्यात कापण्याची रेघ कुठून जाते ते तपासावे. किनारा हा केवळ समुद्राच्या आजच्या पातळीचा प्रश्न आहे. खंडाची खरी कड समुद्रबूड जमिनीच्या उतारावर असते, आणि १९६५ मध्ये एडवर्ड बुलार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाने अटलांटिकच्या दोन्ही बाजूंच्या खंडांची जुळणी केली ती सुमारे ९०० मीटर खोलीच्या रेषेवरून. खंड एकेकाळी जोडलेले होते आणि नंतर दूर सरकले असे मांडणाऱ्या आल्फ्रेड वेगनर यांनी तर आकारांच्या जुळणीवर समाधान मानले नव्हते. फाटलेल्या वर्तमानपत्राचे तुकडे कडांनी जुळवले तरी छापलेल्या ओळी एका तुकड्यावरून दुसऱ्यावर सलग वाचता आल्या पाहिजेत, असा त्यांचा दाखला होता. खडकांच्या रांगा आणि मेसोसॉरस या प्राचीन सरपटणाऱ्या प्राण्यासारखे जीवाश्म या त्या ओळी होत. म्हणून तुकड्यांवर खडक आणि जीवाश्म यांच्या खुणा असलेले कोडे घ्यावे, नुसत्या रंगीत खंडांचे नको.

मोठ्या मुलांसाठी मी एकच कृती निवडायची झाली तर बंद खोक्याची निवडेन. खोक्याच्या तळाशी मातीचे डोंगर-दऱ्या करून झाकण लावायचे, झाकणावर चौकोनांची जाळी आखून, रेघा जिथे छेदतात तिथे पाडलेल्या प्रत्येक छिद्रातून खुणा केलेली काडी सोडायची आणि खोली लिहून घ्यायची. दुसऱ्या मुलाने खोके न पाहता केवळ त्या आकड्यांवरून तळाचा उभा छेद काढायचा. समुद्रतळाचे नकाशे काढणाऱ्या मेरी थार्प यांनी १९५० च्या दशकात अटलांटिक महासागराच्या बाबतीत नेमके हेच केले. त्या काळी स्त्रियांना संशोधन-नौकांवर घेत नसत. ब्रूस हीझन आदी सहकाऱ्यांनी आणलेल्या खोलीच्या नोंदींवरून त्या टेबलावर छेद काढत होत्या, आणि समुद्राखालच्या मध्य अटलांटिक पर्वतरांगेच्या माथ्यावर प्रत्येक छेदात एक खोल फट येते हे त्यांच्या लक्षात आले. जाळी विरळ ठेवली तर एखादी दरी सपशेल निसटते, हेही मुलांना खोके उघडल्यावर कळते, आणि त्यावर त्यांची भांडणे होतात ती ऐकण्याजोगी असतात.

आपला,
भूशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक

उत्तर: एका पालक सभासदाकडून

सप्रेम नमस्कार.

दोन व्यावहारिक गोष्टी जोडतो. ज्या पुस्तकासोबत साहित्याचा संच येतो, त्यातील साहित्य ग्रंथालयात पहिल्याच वाचकाकडे संपते आणि दुसऱ्या घरी रिकामे खोके पोहोचते. त्यामुळे तुरटी, वाळू, मीठ, काचेची बरणी अशा घरातल्या साहित्यावर चालणारी पुस्तके घ्यावीत. दुसरे, खडक फोडण्याची कृती असेल तिथे डोळ्यांना संरक्षक चष्मा लावण्याची सूचना कृतीच्या आधी छापलेली आहे का, आणि संरक्षित क्षेत्रातून किंवा दुसऱ्याच्या जागेतून विनापरवानगी दगड उचलू नयेत हे सांगितले आहे का, तेवढे पाहावे.

आपला,
एक पालक

ग्रंथालय समितीकडून

सर्वांचे मनःपूर्वक आभार.

समितीने ठरवले आहे की, मागवण्यापूर्वी प्रत्येक पुस्तकाची नमुन्याची पाने मिळवून त्यातील किमान एक कृती दोन मुलांकडून करून घ्यावी आणि मगच निर्णय करावा. खनिजांचा डबा व चकाकी नसलेली फरशी ताईंच्या वर्गातून मिळेल असे त्यांनी कळवले आहे. बंद खोके समिती तयार करील. ज्यांची मुले या वयाची आहेत आणि ज्यांना ही चाचणी आपल्या घरी घेता येईल, त्यांनी याच पत्राला उत्तर देऊन मुलांचे वय कळवावे. खनिजांचे प्रकरण कोणी घ्यायचे आणि ज्वालामुखीचे कोणी, याची वाटणी त्यानंतर करता येईल.

– ग्रंथालय समितीच्या वतीने