विजेच्या जोडणीविना कॅरॅव्हॅनमध्ये दोन रात्री: दुसरी बॅटरी घ्यावी का?

मूळ प्रश्न

नमस्कार. आमच्या कॅरॅव्हॅनमध्ये (गाडीमागे ओढून न्यायच्या चाकांवरच्या घरात) १२ व्होल्टची, ११० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड लीझर बॅटरी, म्हणजे आतली उपकरणे चालवणारी बॅटरी आहे. आजवर आम्ही बाहेरून विजेची जोडणी मिळेल अशाच जागी मुक्काम करीत आलो, त्यामुळे बॅटरीकडे लक्ष देण्याची वेळच आली नाही. गेल्या महिन्यात प्रथमच जोडणीविना दोन रात्री राहिलो. पहिली रात्र सुरळीत गेली. दुसऱ्या रात्री पहाटे तीनच्या सुमारास इन्व्हर्टरचा भोंगा वाजू लागला आणि त्यावर चालणारे वडिलांचे सीपॅप यंत्र (झोपेत श्वासमार्ग उघडा राहावा म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारे) बंद पडले. ते दचकून उठून बसले आणि उरलेली रात्र त्यांनी उशांना टेकून जागून काढली. तशी रात्र त्यांच्यावर पुन्हा येऊ नये, एवढ्यासाठी हा धागा काढत आहे.

आमचा वापर असा: संध्याकाळी चार एलईडी दिवे, पाण्याचा पंप, दोन फोनचे चार्जिंग, थंडीमुळे रात्री काही तास गॅस-हीटरचा पंखा, आणि आठ तास सीपॅप, त्याच्या ह्युमिडिफायरसह (हवा ओलसर करणारा भाग). फ्रीज गॅसवर असतो. निघण्यापूर्वी बॅटरी वेगळी चार्ज केली नव्हती, कारण चार तासांच्या प्रवासात ती गाडीच्या इंजिनावर भरेल असे आम्ही गृहीत धरले होते. आता तेवढ्याच क्षमतेची दुसरी बॅटरी जोडावी का, की सोलर पॅनल घ्यावे?

प्रतिसाद १

सध्या दोन्हींपैकी काहीच घेऊ नका. आधी कागद-पेन्सिल घेऊन रात्रीचा हिशेब मांडा, म्हणजे पहाटे तीनलाच का गाठले ते लक्षात येईल.

वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर, आणि अँपिअर गुणिले तास म्हणजे बॅटरीतून गेलेले अँपिअर-तास. तीन-तीन वॅटचे चार दिवे पाच तास लावले तर पाच अँपिअर-तास जातात. पंप पाच अँपिअर ओढतो खरा, पण दिवसभरात मिळून दहा-बारा मिनिटेच चालतो, म्हणजे एक. फोनचे तीन, नियंत्रण पॅनलसारख्या कायम चालू असलेल्या उपकरणांचे दोन, हीटरच्या पंख्याचे सहा तासांचे नऊ धरू. ही बेरीज वीस होते. खरा खर्च सीपॅपचा आहे. ह्युमिडिफायर पाणी तापवतो, आणि बॅटरीवर काहीही तापवणे महागच पडते. त्याच्यासह यंत्राला रात्रीचे तीस-पस्तीस अँपिअर-तास सहज लागू शकतात. शिवाय इन्व्हर्टर नुसता चालू असला तरी अर्धा ते एक अँपिअर स्वतःच खातो. म्हणजे एका रात्रीचे साठच्या आसपास झाले आणि दोन रात्रींचे एकशे वीस. बॅटरीवर ११० लिहिलेले असताना ती दुसऱ्या पहाटे संपली, यात तिचा काही दोष दिसत नाही.

त्यातही लेड-ॲसिड बॅटरीचे ११० पैकी निम्मेच वापरायचे असतात. वारंवार त्याखाली नेली, किंवा रिकामी झाल्यावर तशीच पडू दिली, तर प्लेट्सवर सल्फेटचे स्फटिक घट्ट बसतात आणि क्षमता कायमची घटते. आपली बॅटरी त्या सहलीनंतर लगेच पूर्ण चार्ज केली नसेल, तर हे वाचून होताच चार्जर लावा.

प्रवासात बॅटरी भरण्याबद्दल. गाडीपासून कॅरॅव्हॅनपर्यंतची वायर लांब आणि बहुधा बारीक असते, तिच्यात व्होल्टेज पडते आणि शेवटी बॅटरीपर्यंत जेमतेम काही अँपिअर पोहोचतात. लेड-ॲसिडचा शेवटचा वीस टक्के भाग तर चांगल्या चार्जरवरही कित्येक तास घेतो. यावर डीसी-टू-डीसी चार्जर (गाडीकडून आलेले पडलेले व्होल्टेज पुन्हा वाढवून बॅटरी भरणारा) हा उपाय आहे, पण सर्वांत सोपे म्हणजे निघण्याच्या आदल्या दिवशी घरच्या विजेवर बॅटरी पूर्ण भरणे. भरल्यानंतर सर्व बंद करून काही तास थांबा आणि मल्टिमीटर लावा: १२.७ व्होल्टच्या आसपास म्हणजे पूर्ण, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. पंप किंवा दिवे चालू असताना घेतलेले माप फसवे असते.

मुख्य सल्ला सीपॅपचाच. पुष्कळ यंत्रे आतून २४ व्होल्टच्या डीसीवर चालतात. १२ व्होल्ट डीसीचे इन्व्हर्टरने एसी करायचे आणि यंत्राच्या अडॅप्टरने पुन्हा डीसी करायचे, यात दोनदा नासाडी होते. यंत्राच्या उत्पादकाचा, त्याच मॉडेलसाठीचा १२ व्होल्टवर चालणारा कन्व्हर्टर घ्या आणि त्यासाठी बॅटरीपासून जाड वायरचे वेगळे सॉकेट काढा. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाला शक्य तितका जवळ बसवा, कारण वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर फ्यूजच्या अलीकडच्या तुकड्याला कोणतेच संरक्षण नसते. ह्युमिडिफायरविना झोपलेले वडिलांना चालेल का, हे मात्र त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा. विजेच्या हिशेबासाठी तो निर्णय आपण परस्पर घेऊ नये.

प्रतिसाद २

वरील हिशेब मान्य आहे, तरी लिथियमचा विचार जरूर करावा असे मला वाटते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचे ऐंशी-नव्वद टक्के निर्धास्तपणे वापरता येतात, वजन लेड-ॲसिडच्या जवळपास निम्मे भरते आणि ती लवकर भरते. कॅरॅव्हॅनमध्ये वजनाची मर्यादा असते, त्यामुळे दुसरी पंचवीस किलोची बॅटरी चढवण्यापूर्वी हे ध्यानात घ्या. मात्र शून्य अंशांखाली ती चार्ज करायची नसते आणि आपला जुना चार्जर तिला अनुरूप आहे का, हे तपासून घ्यावे लागते.

प्रतिसाद १ कडून

लिथियमचे गुण खरे आहेत. मी स्वतः वर्षातून तीन-चार महिने जोडणीविना राहतो आणि माझ्याकडे तीच आहे. परंतु वर्षातून पाच-सहा वेळा दोन रात्री राहणाऱ्या कुटुंबाने आधी खर्च कमी करावा, असे माझे ठाम मत आहे. साठचे तीस करणे हे बॅटरी दुप्पट करण्याइतकेच उपयोगी आहे, आणि त्याने वजन वाढत नाही. दुसरी लेड-ॲसिड बॅटरी समांतर जोडायचीच झाली तर दोन्ही एकाच प्रकारच्या, क्षमतेच्या आणि वयाच्या हव्यात. जुनीच्या जोडीला नवी लावली की जुनी नवीलाही खाली ओढते.

शंभर वॅटचे पॅनल स्वच्छ उन्हाळी दिवशी पंचवीस-तीस अँपिअर-तास देऊ शकते, हिवाळ्यात त्याच्या अंशभरच. झाडाची फांदी पॅनलच्या एका कोपऱ्यावर आली तरी उत्पादन फार घटते, म्हणून छतावरच्यापेक्षा उन्हात हलवता येणारे घडीचे पॅनल आपल्याला सोयीचे जाईल.

मूळ प्रश्नकर्ता

आपणा दोघांचे मनापासून आभार. डॉक्टरांनी मोजक्या रात्रींसाठी ह्युमिडिफायर बंद ठेवण्यास परवानगी दिली. उत्पादकाचा कन्व्हर्टर घेतला आणि घरी एका रात्री मध्ये डीसी मीटर लावून मोजले: आठ तासांत फक्त नऊ अँपिअर-तास. कॅरॅव्हॅनमध्ये शंट (ज्यातून जाणारा प्रवाह मोजला जातो तो ऋण बाजूचा जोड) असलेला बॅटरी मॉनिटरही बसवला. बॅटरी आदल्या दिवशी भरून गेल्या आठवड्यात पुन्हा दोन रात्री राहिलो. यंत्र दोन्ही रात्री सकाळपर्यंत चालले, वडील सात वाजता उठले.

एक शंका उरली आहे. दुसऱ्या सकाळी मॉनिटरने ४० अँपिअर-तास गेल्याचे दाखवले, म्हणजे ७० शिल्लक. पण तासभर सर्व बंद ठेवून मल्टिमीटर लावला तर १२.२ व्होल्ट, म्हणजे निम्मीच. कोणावर विश्वास ठेवावा?

प्रतिसाद १ कडून

वडील शांत झोपले हे वाचून फार समाधान वाटले. या वेळी मल्टिमीटरवर विश्वास ठेवा. फरक साधारण पंधराचा दिसतो आणि दोन रात्रींचे सीपॅपही अठरा, म्हणजे जवळपास तेवढेच होते. नवीन सॉकेटची ऋण वायर बहुधा थेट बॅटरीच्या ऋण टोकाला जोडली गेली आहे, त्यामुळे तिचा प्रवाह शंटमधून जातच नाही आणि मॉनिटर तो मोजत नाही. ती वायर काढून शंटच्या दुसऱ्या, म्हणजे उपकरणांकडच्या टोकाला जोडा. बॅटरीच्या ऋण टोकावर शंटकडे जाणारी एकच वायर राहिली पाहिजे. काम करण्यापूर्वी धन बाजूचा फ्यूज काढून ठेवा, आणि नंतर बॅटरी पूर्ण भरल्यावर मॉनिटर शंभर टक्क्यांवर पुन्हा जुळवून घ्या.