जिल्हे २६ चे ३६ झाले, पण जुन्या बेरजा जुळत नाहीत

तक्तेवाला (प्रश्न)
१९६१ ते २०११ च्या जनगणनेचे आकडे जिल्हावार एकाखाली एक मांडतोय. राज्य झालं तेव्हा २६ जिल्हे होते, आता ३६. नवा जिल्हा ज्यातून फुटला त्यात परत मिळवला की काम झालं, असा हिशोब होता. पण मराठवाड्यात गाडी अडते. हिंगोली मिळवूनही परभणी कमी भरतो. कुठे चुकतंय?

चावडी
परतूर! १ मे १९८१ ला जालना झाला तेव्हा जालना, भोकरदन, जाफराबाद आणि अंबड हे तालुके औरंगाबादचे आले, परतूर तालुका मात्र परभणीचा. तुम्ही अख्खा जालना औरंगाबादेत टाकला असणार, म्हणजे तिथे तेवढंच जास्त निघेल. बघा बरं.

बाकीचे सरळ आहेत. त्याच दिवशी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग. १९८२ च्या ऑगस्टमध्ये उस्मानाबादेतून लातूर (१६ तारीख) आणि चंद्रपुरातून गडचिरोली (२६ तारीख). १९९० ला बृहन्मुंबईतून मुंबई उपनगर. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार, अकोल्यातून वाशीम. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली, भंडाऱ्यातून गोंदिया. शेवटचा पालघर, ठाण्यातून, १ ऑगस्ट २०१४.

नावांनी फसू नका. कुलाबा म्हणजे रायगड, चांदा म्हणजे चंद्रपूर, दक्षिण सातारा म्हणजे सांगली, पूर्व खानदेश म्हणजे जळगाव आणि पश्चिम खानदेश म्हणजे धुळे. यात फक्त पाटी बदलली. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगरचंही तसंच.

सातबारा
मुळात जिल्हा हे एकक धरणंच चूक. जिल्हा म्हणजे तालुक्यांची मोळी. मोळी सोडून पुन्हा बांधतात. म्हणून तक्ता तालुकावार करा आणि जिल्हा शेवटी चिकटवा.

पालघरचंच घ्या. २०११ च्या जनगणनेत हा जिल्हाच नाही. तिथे ठाण्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ दिसते. त्यातून पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा हे आठ तालुके काढले की २९,९०,११६ पालघरचे, आणि ठाण्याला उरतात ८०,७०,०३२. हे न करता कुणी २०११ चं ठाणं आजच्या ठाण्याशी ताडून बघतो आणि 'लोकसंख्या घटली' म्हणून मोकळा होतो.

मात्र तालुकाही कायमचा नसतो. गडचिरोली जिल्हा झाला तेव्हा त्या भागात तहसिली दोनच होत्या, गडचिरोली आणि सिरोंचा. आज १२ आहेत. जालन्यातही मंठा, घनसावंगी, बदनापूर हे नंतरचे, त्यामुळे आजचं 'परतूर' १९८१ च्या परतूरच्या जागी ठेवू नका. असं असेल तिथे गावापर्यंत उतरावंच लागतं. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४ खाली राजपत्रात अधिसूचना निघते. कुठला भाग कुठे गेला ते तिच्यात बघायचं, बातमीत नाही.

मोडीवाचक
१९५१ पर्यंत मागे जाणार असाल तर आणखी गुंता. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचा मुलूख मुंबई राज्यात आला तो तुकड्यांनी. अहमदपूर, उदगीर आणि निलंगा बीदर जिल्ह्यातून आले, उस्मानाबादेत बसले आणि १९८२ ला लातुरात गेले. म्हणजे १९५१ साठी यांचे आकडे जनगणनेच्या बीदरच्या खंडात. किनवट आणि राजुरा आदिलाबादचे. राजुरा पुढे चांद्यात गेला. चंदगड बेळगावातून कोल्हापुरात आला. उलट १९६० ला ठाण्याचा उंबरगाव गुजरातेत गेला.

आणि वाशीमला 'नवा' म्हणणं मला तरी खटकतं. वऱ्हाडात तो जिल्हा होताच. १९०५ ला वऱ्हाडचे सहाचे चार जिल्हे केले, तेव्हा तो मोडून वाशीम आणि मंगरूळ अकोल्याला जोडले, पुसद यवतमाळला. १९९८ ला परत आला, पण पुसद सोडून.

तक्तेवाला
परतूर काढून परभणीत टाकला, दोन्हीकडे बसलं. आता मतदानाचे आकडेही याच तक्त्यात जोडले तर चालतील का?

चावडी
नाही, तो तक्ता वेगळा ठेवा. महसुली जिल्हा बदलला म्हणून मतदारसंघ हलत नाही. तो परिसीमन आयोग ठरवतो. परतूर आणि घनसावंगी विधानसभा अजून परभणी लोकसभेत आहेत. जालना लोकसभेत पैठण, सिल्लोड आणि फुलंब्री आहेत, जे जालना जिल्ह्यातले नाहीतच. हिंगोली लोकसभेत यवतमाळचं उमरखेड. पीककर्जाचे आकडे घेतलेत तर तिथेही हाच घोळ: धुळे-नंदुरबारची जिल्हा मध्यवर्ती बँक अजून एकच आहे.