सोसायटी ग्रुप: सानिकाचं डाकोटा आणि दोन इंजिनांचा सूर

सानिका (बी-६०२): नमस्कार सगळ्यांना. माझं दोन इंजिनांचं रेडिओ कंट्रोल विमान तयार झालंय. डाकोटा या जुन्या मालवाहू विमानाचं मॉडेल, सव्वासहा फुटी पंख. येत्या रविवारी मागच्या रिकाम्या प्लॉटवर इंजिनं जमिनीवरच चालवून जुळवायची आहेत. उडवणार नाही. आवाज होईल म्हणून आधीच विचारते. कुणाला अडचण असेल तर वेळ बदलते.

पवार (सेक्रेटरी): विचारलंस ते बरं केलंस. गेल्या रविवारी सकाळी घरघर सुरू झाली आणि मला दोघातिघांचे फोन आले. किती वेळ लागेल?

सानिका: वीसेक मिनिटं, तीही थांबत थांबत. गेल्या रविवारी पहिल्यांदाच दोन्ही एकत्र चालवून पाहिली.

गाडगीळ ताई (बी-२०१): मला आवाजाचा त्रास नाही झाला. पण दोन्ही इंजिनं जुळलेली नव्हती हे गॅलरीत स्पष्ट ऐकू येत होतं. सलग आवाज नव्हता, त्यात लाटा येत होत्या. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारांमधली एक किंचित उतरलेली असली की अश्शाच लाटा येतात. तार जवळ येत गेली की लाटा लांबत जातात आणि जुळली की विरून जातात. मधे एकदा तुझ्या लाटा छान लांबल्या होत्या, मग पुन्हा बिनसलं. माझी शिकवणी साडेदहाला संपते. त्यानंतर खुशाल चालव.

कुलकर्णी काका (ए-१०४): ताई, अगदी नेमकं ऐकलंत. टू-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला एकदा स्फोट होतो. त्यामुळे मिनिटाला जितक्या लाटा, तितकाच दोन इंजिनांच्या आरपीएममधला (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांमधला) फरक. सेकंदाला एक लाट म्हणजे ६० आरपीएम. सानिका, दहा सेकंदांतल्या लाटा मोज आणि सहाने गुण. कानाला एकच गोष्ट कळत नाही, पुढे कोण पळतंय आणि मागे कोण राहिलंय. त्यासाठी टॅकोमीटर हवा, फिरत्या पात्यांमुळे होणारी प्रकाशाची लुकलुक मोजून आरपीएम दाखवणारं यंत्र.
खऱ्या डाकोटातही वैमानिक प्रोपेलरचे लिव्हर पुढेमागे करून कानानेच आवाज जुळवायचे. ट्विन वास्प इंजिनं होती त्याला, प्रत्येकी १२०० अश्वशक्तीची.

सानिका: मग काका, लाटा गेल्या की झालं का काम?

कुलकर्णी काका: नाही, बाळा. नवीन मुलं इथेच अडकतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.
लाट गेली याचा अर्थ दोन्ही इंजिनं त्या घडीला सारख्या वेगाने फिरतायत, एवढाच. दोन्ही ठणठणीत आहेत असा नाही. ११,००० आरपीएममध्ये १०० चा फरक एक टक्कासुद्धा होत नाही. ओढ, म्हणजे प्रोपेलरचा विमानाला खेचणारा जोर, आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, तरी ओढीतला फरक दोन टक्क्यांच्या आतच राहतो. रडरचा (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूचा) ट्रिम जरासा हलवला की विमान सरळ जातं. पण एक इंजिन हवेत बंद पडलं की एका बाजूची सगळी ओढ जाते. म्हणून आधी दोन्ही इंजिनं एकेकटी भरवशाची करायची, जुळवाजुळव मागाहून.

कुलकर्णी काका: एक इंजिन बंद ठेव, दुसरं पूर्ण थ्रॉटलवर घे. नीडल (इंधन कमीजास्त करणारा स्क्रू) हळूहळू आवळत जा, आरपीएम चढत चढत एका ठिकाणी थांबतील. समज ११,६०० ला थांबले. तिथे ठेवायचं नाही. नीडल उलटी फिरवून ११,३०० च्या आसपास आण, म्हणजे इंजिन थोडं रिच (इंधन जरा जास्त) राहील. विमान हवेत धावायला लागलं की प्रोपेलरवरचा भार हलका होतो, आरपीएम आणखी चढतात आणि इंजिन आपोआप लीन (इंधन कमी) होत जातं. जमिनीवर टोकाला लावलेलं इंजिन वर गेल्यावर तापून बसतं.
मग इंधनाची नळी क्षणभर चिमटीत दाब. आवाज किंचित चढून मग पडला तर ठीक. दाबताक्षणी पडला तर इंजिन लीन आहे. त्यानंतर विमानाचं नाक आकाशाकडे करून धर. या वेळी टाकीतलं इंधन इंजिनाच्या खाली राहतं. तशातही आवाज टिकला पाहिजे. दबला तर नीडल अजून सैल कर. शेवटी अर्धा मिनिट आयडलवर (सगळ्यात कमी वेगावर) ठेव आणि थ्रॉटल एकदम उघड. अडखळता कामा नये.
हे सगळं पुन्हा दुसऱ्या इंजिनाला, पहिलं बंद ठेवून.

कुलकर्णी काका: आता दोन्ही एकत्र चालव. एक ११,३०० वर आणि दुसरं ११,१०० वर निघालं, तर मागच्याला आवळून पुढच्याच्या बरोबरीला आणायचं नाही. पुढच्याची नीडल सैल करून त्याला मागे आणायचं. मागचं इंजिन आधीच त्याला झेपेल तितकं पळतंय. त्याला ताणलं की तेच हवेत आधी बंद पडतं. बाकी सगळं विसरलीस तरी चालेल, हे विसरू नको.

जोशी (सी-३०५): एक बंद पडलं तर दुसऱ्यावर उडेल ना? दोन इंजिनं त्यासाठीच असतात की.

कुलकर्णी काका: उडेल, पण चालवणाऱ्याने डोकं शांत ठेवलं तरच. डावं बंद पडलं की नाक डावीकडे ओढलं जातं आणि डावा पंख खाली जातो. विमान पडतंय असं वाटून माणूस थ्रॉटल वाढवतो, तेव्हा उजवं इंजिन त्याला आणखी जोरात फिरवतं. वेग कमी असेल तर रडरला ताकदच नसते, आणि विमान उलटं होऊन नाकावर येतं. म्हणून पहिल्यांदा थ्रॉटल मागे. नाक थोडं खाली करून वेग धरायचा, रडरने सरळ करायचं, आणि मग जेवढं रडर पेलेल तेवढीच ताकद दुसऱ्या इंजिनाला द्यायची. बंद इंजिनाच्या बाजूला वळायचं टाळायचं. टेकऑफनंतर लगेच असं झालं तर सरळ समोर उतरवायचं, परत फिरायच्या फंदात पडायचं नाही.

सानिका: काका, फुल थ्रॉटलला बऱ्यापैकी जुळतात, पण मधे, अर्ध्या थ्रॉटलला, एक पुढे निघून जातं. नीडल फिरवून काही फरक पडत नाही.

कुलकर्णी काका: पडणारच नाही. मेन नीडलचा अंमल वरच्या टोकाला. मधला फरक बहुतेक वेळा जोडणीत असतो. दोन्ही सर्व्होंच्या (थ्रॉटल हलवणाऱ्या छोट्या मोटरींच्या) हातातलं भोक तेच आहे का, कार्ब्युरेटरचे हात दोन्हीकडे सारख्या कोनात उभे आहेत का, ते बघ. दोन सर्व्हो वाय वायरवर (एकच सिग्नल दोघांना) आहेत की वेगळ्या चॅनेलवर?

सानिका: वाय वायरवर.

कुलकर्णी काका: वेगळ्या चॅनेलवर घे आणि रेडिओत मिक्सिंग लाव, म्हणजे दोन्ही चॅनेल एकाच थ्रॉटलवर चालतील. मग प्रत्येकाचं वरचं टोक, खालचं टोक आणि मधला कर्व्ह स्वतंत्र बसवता येईल. प्रोपेलर दोन्हीकडे एकाच कंपनीचे आणि एकाच मापाचे, ग्लो प्लग (इंधन पेटवणारे) एकाच जातीचे, आणि टाकी प्रत्येकाची वेगळी, इंजिनापासून सारख्याच अंतरावर. इंधन एकाच डब्यातून भर. कुठलं मिश्रण वापरतेस?

सानिका: ८० टक्के मिथेनॉल, २० टक्के एरंडेल. नायट्रो नाही.

कुलकर्णी काका: उत्तम. फक्त डब्याचं झाकण उघडं ठेवू नको. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं.

नीलेश (सी-५०१): सानिका, एवढा खटाटोप करण्यापेक्षा इलेक्ट्रिक का नाही केलंस? माझं दोन ब्रशलेस मोटरींचं आहे. एकाच जातीचे दोन ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारे कंट्रोलर) घेतले, दोन्हींची थ्रॉटल रेंज आधी वेगवेगळी कॅलिब्रेट केली, मग वाय वायर लावली. एका ईएससीची लाल वायर कनेक्टरमधून काढून ठेवली, म्हणजे दोन बीईसी (ईएससीमधून रिसीव्हरला वीज देणारे भाग) एकमेकांशी भांडत नाहीत. एका मोटरच्या तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल केल्या की ती उलटी फिरते, तिला उलटा प्रोपेलर लावला. टेकऑफला विमान डावीकडे पळतच नाही.

सानिका: तुझं मस्त उडतं, दादा, मी पाहिलंय. पण मला इंजिनंच हवी होती. आमच्या एनसीसी एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंगला ग्लो इंजिन पहिल्यांदा हाताळलं, तेव्हापासून डोक्यात होतं. आणि डाकोटा तर ठरलेलंच होतं. २७ ऑक्टोबर १९४७ ला आपलं सैन्य घेऊन श्रीनगरला डाकोटाच उतरली होती. २०१८ मध्ये वायुसेनेत जे जुनं डाकोटा दुरुस्त होऊन पुन्हा आलं, ‘परशुराम’, त्याचाच व्हीपी ९०५ हा नंबर मी माझ्या विमानावर रंगवलाय.

कुलकर्णी काका: शाब्बास. बघायला नक्की येतो.

रेश्मा (ए-३०२): सगळं छान आहे, पण त्या प्लॉटवर मुलं क्रिकेट खेळतात. पंख्याचं काय?

कुलकर्णी काका: रास्त प्रश्न आहे, रेश्मा. फिरणाऱ्या प्रोपेलरच्या सरळ रेषेत, डावीउजवीकडे, कुणीही उभं राहायचं नाही. पातं तुटलं तर त्याच रेषेत उडतं. बघणारे सगळे विमानाच्या मागे, लांब. एकाने शेपटी धरून ठेवायची. आणि सानिका, इंजिन सुरू झालं की मागे येऊनच नीडल फिरवायची. समोरून किंवा दोन इंजिनांच्या मधून हात घालायचा नाही. एकाकडे लक्ष असताना दुसरं फिरतंय हे माणूस विसरतो.

पवार (सेक्रेटरी): ठरलं. रविवारी पावणेअकरा ते सव्वाअकरा. मी स्वतः येऊन दोरी बांधतो, मुलं दोरीच्या अलीकडे. आणि उडवायला कुठे नेणार?

सानिका: गावाबाहेर, परवानगी असलेल्या मैदानावर. विमानतळाच्या हद्दीपासून लांब. इथे नक्की नाही.

गाडगीळ ताई: मी गॅलरीत असेन. लाटा लांबल्या की हात वर करून सांगते.

कुलकर्णी काका: आनंदाने, ताई. सानिका, टॅकोमीटर विकत घेऊ नकोस, माझा घेऊन जा. सेल नवीन टाक. चालवायच्या आधी पार्किंगमधल्या जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटकडे रोखून बघ. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, म्हणजे मिनिटाला ६,०००. दोन पात्यांच्या सेटिंगवर बरोबर ३,००० दिसले पाहिजेत. एलईडीवर हे करू नकोस, आकडा काहीही येईल. आणि इंजिनाचं माप उन्हातच घे, ट्यूबखाली नाही.

सानिका: आत्ता येऊ का न्यायला?

कुलकर्णी काका: ये. काकूंनी थालीपीठ लावलंय, खाऊन जा.