धातूचा व्हॉल्व बसवल्यावर नवीन रक्त पातळ करायची गोळी चालते का??

वारणाकाठची
आईचा (वय ४९) हृदयातला मायट्रल व्हॉल्व (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप) बदलायचा ठरलाय. लहानपणी सांधेवाताचा ताप येऊन गेलेला त्यात आक्रसला, मग फुग्याने रुंद केला होता पण आता लीक पण आहे. डॉक्टर म्हणाले वय बघता धातूचा बसवू, मग अ‍ॅसिट्रॉम (रक्त पातळ करायची जुनी गोळी) जन्मभर आणि आयएनआर (रक्त किती पातळ झालंय तो आकडा) तपासत राहायचं. गावातून लॅबपर्यंत एसटीने दीड तास, पावसाळ्यात तर विचारूच नका. मामेभाऊ म्हणतो नवीन गोळ्या आल्यात, त्याच्या सासऱ्यांना चालू आहेत, टेस्टबिस्ट काही नाही. खरंय का?

टिकटिकवाले काका
पोरी, माझा मायट्रल धातूचाच, १२ वर्षं झाली. रात्री पंखा बंद केला की टिकटिक ऐकू येते, नातू कान लावून मोजत बसतो. गोळी मंगळवार-शुक्रवार अर्धी, बाकी दिवस एक (हा माझा डोस हं, आईला तिचा), काकू कॅलेंडरवर खुणा करते. मेथी-पालक सोडायची नाही पण खायची ती नेमाने. एका थंडीत मी रोज मेथी हाणली आणि आयएनआर १.६, मला हवा २.५ ते ३.५. डॉक्टरांनी जे झापलंय!

पंपवाला
हार्ट सर्जरीच्या ओटीत हार्ट-लंग मशीन चालवतो. ताई, धातूच्या व्हॉल्वला नवीन गोळी नाही म्हणजे नाही. हे करून बघितलंय लोकांनी, डॅबिगाट्रान ही नवीन गोळी घेऊन २५२ पेशंटवर ट्रायल झाली, गुठळ्या पण जास्त आणि रक्तस्राव पण जास्त म्हणून मधेच थांबवली, २०१३ ला छापून आली. मग २०२२ मध्ये अ‍ॅपिक्साबान या दुसऱ्या नवीन गोळीची पण ट्रायल थांबवावी लागली, आणि ती तर एऑर्टिक जागेवर (हृदयातून शरीराकडे रक्त जातं तिथली झडप), जिथे गुठळीचा धोका मायट्रलपेक्षा कमी. कारण असं की धातूला रक्त लागलं की गोठायची साखळी सुरू होते, नवीन गोळी त्यातली एकच कडी अडवते, अ‍ॅसिट्रॉम-वॉर्फरिन या जुन्या गोळ्या रक्त गोठवणारे चार घटक कमी करतात. सासऱ्यांचे बहुतेक नुसते ठोके अनियमित असतील, तिथे चालते. पण सांधेवाताने आक्रसलेला व्हॉल्व आणि अनियमित ठोके असतील तर तिथे पण २०२२ च्या मोठ्या ट्रायलमध्ये जुनी गोळीच सरस ठरली.

वारणाकाठची
बापरे. मग प्राण्याच्या ऊतीचा बसवला तर?

पंपवाला
ठोके नियमित असतील तर काही महिन्यांनी गोळी सुटू शकते, पण साधारण १०-१५ वर्षांत तो खराब होतो, तरुण वयात अजून लवकर, म्हणजे साठीत परत ऑपरेशन. खर्चाचं टेन्शन असेल तर चित्रा व्हॉल्वबद्दल विचारा, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत वलियाथन सरांच्या टीमने बनवलेला, आधीची तीन मॉडेलं फसली, चौथं डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा पेशंटला बसवलं. चकती प्लास्टिकची त्यामुळे टिकटिक पण कमी. गोळी मात्र त्याला पण लागतेच.

टिकटिकवाले काका
आणि दात काढायचा झाला तर आधी सांगायचं व्हॉल्व आहे म्हणून. परस्पर गोळी बंद करायची नाही.

वारणाकाठची
बुधवारी सगळं लिहून नेते डॉक्टरांकडे. भावाला लिंक पाठवली, निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही 😄