कॅडिसफ्लायची प्रजाती केवळ पंखांवरून सांगावी का?

तळेकाठी (धागाकर्ता)

दक्षिण जर्मनीतील आमच्या गावालगतच्या तळ्यावर मी उन्हाळ्यातल्या रात्री दिवा आणि पांढरी चादर लावून कॅडिसफ्लाय पाहत बसतो. हा कीटक पतंगासारखा दिसतो, परंतु त्याच्या पंखांवर खवल्यांऐवजी केस असतात आणि बसला की तो पंख कौलारू छपरासारखे दोन्ही बाजूंना उतरते धरतो. नराची जननेंद्रिये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय नाव देऊ नये, असे जाणकार सतत बजावतात. जातीपुरते ते मला मान्य आहे. पण प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट (genus), ठरवायला पंख पुरतात, त्यासाठी दरवेळी जीव मद्यार्कात बुडवण्याचे कारण नाही, असे माझे मत आहे. परवा चादरीवर बसलेल्या एकाच्या पुढच्या पंखाची टोकाकडची कड जणू कोणी कात्रीने खाच पाडावी तशी आत गेलेली होती. तो ग्लायफोटेलियस, भिंगसुद्धा काढावे लागले नाही. मिस्टासायडिसचेही तेच: निळसर झाक असलेले काळे पंख आणि पंखांहून कितीतरी लांब, काळ्या-पांढऱ्या वळ्यांच्या मिशा.

भिंगवाला

तुम्ही सोपी उदाहरणे निवडलीत आणि त्यांवरून नियम काढलात. प्लेक्ट्रोक्नेमिया आणि पॉलिसेंट्रोपस घ्या. दोघांचेही पुढचे पंख तपकिरी, पिवळट ठिपक्यांनी भरलेले असतात. त्यांना वेगळे करणारी खूण मागच्या पंखात आहे: शिरा पंखाच्या कडेजवळ जिथे दुभंगतात त्या फाट्यांना क्रमांक दिलेले आहेत, आणि त्यांतला पहिला फाटा प्लेक्ट्रोक्नेमियाच्या मागच्या पंखात असतो, पॉलिसेंट्रोपसच्या नसतो. आता बसलेल्या किड्याचा मागचा पंख पुढच्याखाली घडी होऊन दडलेला असताना तुमच्या छायाचित्रात तो फाटा दिसणार कसा? पंख पसरावा लागतो, बहुतेक वेळा केसही खरवडावे लागतात, आणि तेवढे केल्यावर तो जीव काही उडून जात नाही. म्हणजे मारणे टळलेच नाही.

शिवाय केस झडतात. चार दिवस उडालेल्या किड्याची नक्षी पुसट होते, आणि लिम्नेफिलससारख्या मोठ्या प्रजातीत ती मुळातच जातीगणिक वेगळी असते: ऱ्हॉम्बिकसच्या पंखावर शंकरपाळ्यासारखा फिकट डाग, तर लुनाटसच्या टोकाशी चंद्रकोर. रंगावर विसंबणाऱ्याने या दोघांना दोन प्रजातींत टाकले तर नवल नाही.

जुनी वही

दोघांनाही एक आठवण देतो. इंग्रज कीटकशास्त्रज्ञ रॉबर्ट मॅक्लॅक्लन यांनी १८७४ ते १८८० या काळात युरोपातील कॅडिसफ्लायच्या सबंध गणाचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. त्यात प्रजातींच्या वर्णनात पंखांच्या शिरा आहेत, पण त्यांच्या जोडीला पायांवरचे काटेही आहेत. ते काटे जिवंत किड्यावर, बाजूने घेतलेल्या चांगल्या छायाचित्रात मोजता येतात: पुढच्या, मधल्या आणि मागच्या पायावर ऱ्हायॅकोफिलाला अनुक्रमे ३, ४, ४, तर बहुतेक लिम्नेफिलसना १, ३, ४. आपण पंखांवर भांडतो आणि पायांकडे बघत नाही, हे मला जरा गमतीचे वाटते. आणि एनॉयसिला या प्रजातीतल्या मादीचे काय कराल? तिला पंखांचे नुसते खुंट असतात. तिच्या अळ्याही पाण्यात नव्हे, तर रानातल्या पाचोळ्यात वाढतात.

तळेकाठी

एनॉयसिलाची मादी माझ्या दिव्यापर्यंत उडत येणार नाही, त्यामुळे तो मुद्दा सोडून देतो. मागच्या पंखाचा मुद्दा मात्र खरा आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. गेल्या वर्षी प्लेक्ट्रोक्नेमिया म्हणून टिपलेल्या नोंदी आज कुलाच्या, म्हणजे प्रजातीहून मोठ्या गटाच्या, पातळीवर आणून ठेवतो आणि यापुढे पायांचेही छायाचित्र घेतो. खाच असलेल्या पंखाची नोंद मात्र मी हलवणार नाही.

भिंगवाला

ती मीही हलवली नसती.