नाटकाच्या संवादांना माईक हवेतच कशाला?

तिसरी_घंटा:
परवा ठाण्यातल्या एका नाट्यगृहात कौटुंबिक नाटक पाहिलं. चार पात्रं, चौघांच्याही गालाला माईक चिकटवलेले. नायिका उजव्या विंगेजवळ बोलतेय आणि आवाज येतोय माझ्या डाव्या हाताच्या स्पीकरमधून! कोण बोलतंय ते ओठांकडे बघून ठरवायचं. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगमंचावर आणलं तेव्हा कुठे होता अँप्लिफायर? आवाज फेकता येणं ही नटाची पहिली पात्रता. बंद नाट्यगृहात गद्य नाटकाला माईक नकोच, असं माझं मत.

पाचपाखाडीकर:
+१. मालिकांनी सवय बिघडवलीय. घशातून बोलायचं, बाकीचं मशीन बघून घेईल.

कोपरीचा_साउंडवाला:
'शाकुंतल'च्या वेळी डोक्यावर एसीची घरघर नव्हती हो. आणि आवाज फेकला की मोठे होतात ते स्वर. स, श, फ, थ ही मंडळी मुळातच अशक्त, शिवाय ती तोंडाच्या समोरच्या बाजूलाच नीट जातात. नटाने पाठ फिरवली की संवाद ऐकू येतो, पण 'साठ' म्हणाला की 'आठ' ते कळत नाही. त्यात उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबल उतरतो. सभागृहात भिंती थोडं सावरून घेतात, पण बाल्कनीखाली बसलेल्यांना विचारा.

तुमची तक्रार मात्र खरी आहे. फक्त दोष माईकचा नाही, जुळणीचा. स्पीकरचा आवाज १०-२० मिलिसेकंद उशिरा सोडला आणि फार मोठा ठेवला नाही, तर नटाच्या तोंडचा आवाज आधी पोचतो आणि कान तीच दिशा धरतो. स्पीकर वाजतोय हे लक्षातही येत नाही. पण त्यासाठी तासभर तालीम लागते. आम्हाला मिळतात वीस मिनिटं, कारण दुपारच्या बालनाट्याचा सेट अजून निघालेला नसतो.

तिसरी_घंटा:
दिशा जमवाल. कुजबुजीचं काय? गालावरच्या माईकमुळे नट खरोखरच कुजबुजतो आणि ती सगळ्या प्रेक्षागृहाच्या कानात शिरते. आवंढा, श्वास, साडीची सळसळ, सगळंच त्याच पटीत मोठं. रंगमंचावरची जवळीक-दुरावा सपाट होऊन जातो. त्यापेक्षा पूर्वीचे, रंगमंचाच्या पुढच्या कडेला खाली ठेवलेले फूटमाईक बरे.

कोपरीचा_साउंडवाला:
फूटमाईकमध्ये आधी पावलं ऐकू येतात, मग संवाद. माईक तोंडापासून लांब गेला की गेन, म्हणजे माईकचा आवाज मोठा करण्याचं प्रमाण, वाढवावा लागतो, मग स्पीकरचाच आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. ती शिट्टी ऐकून सगळं प्रेक्षागृह मागे वळून माझ्याकडे बघतं, नटाकडे नाही.

नौपाड्याची_आजी:
मी सत्तरीची, कानात यंत्र. वय झालं की आधी बारीक, वरच्या पट्टीचे आवाज जातात, म्हणजे नेमकी साउंडवाल्यांनी सांगितलेली अक्षरं. तुमची शुद्ध रंगभूमी माझ्यासाठी मूकनाट्य असते आणि तिकिटाला सवलत काही मिळत नाही. खरं तर स्पीकर वाढवूनही आम्हाला फार फायदा नाही, गोंगाटही वाढतो. जमिनीत तारेचा इंडक्शन लूप घातला तर कानातलं यंत्र 'टी' वर (लूपचा आवाज पकडायची सोय) ठेवून संवाद थेट कानात येतात. गडकरी, घाणेकर, वाशीचं भावे, सगळ्या नाट्यगृहांत तो असावा. त्यासाठी सह्या गोळा करायच्या असतील तर माझी पहिली.

पाचपाखाडीकर:
आजी, लूपला माझीही सही. पण लूपला आवाज देणार कोण? माईकच ना! म्हणजे मी हरलोच की अर्धा.

तिसरी_घंटा:
मी नाही हरलो. लूपसाठी माईक लावा, स्पीकर बंद ठेवा.

कोपरीचा_साउंडवाला:
ठेवतो. पहिल्या अंकानंतर निर्माता धावत येईल, "मागे काही ऐकू येत नाही, वाढव!" त्याला तुमचा नंबर देऊ का? बाय द वे, आमचा मिक्सर, म्हणजे सगळ्या माईकचे आवाज कमी-जास्त करायचं टेबल, बहुतेक ठिकाणी मागच्या भिंतीला टेकवलेला असतो. तिथे खर्जाचे आवाज फुगून ऐकू येतात, म्हणून ऑपरेटर ते कमी करतो आणि मधल्या रांगांना आवाज पत्र्यासारखा लागतो. मिक्सर चार रांगा पुढे घ्यायचा म्हटलं तर खुर्च्यांची तिकिटं बुडतात. त्यावर आधी बोला, मग माईकवर.